आवश्यकता दिसून आली नाही

बाजारात बसणारी कोळीण पाणी पीत नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही, डोक्यावर पाटी आली की आपोआप येतं. पहाटे निघताना कपभर चहा, तोही अर्धा, आणि मग दुपारी पाटी रिकामी होईपर्यंत घोटभर नाही. का म्हणून काय विचारता? कळव्याच्या बाजारात पुरुषांना भिंतीचा आडोसा तरी होता, बायकांनी जायचं कुठं? आवडाबाई तीस वर्षं अशीच बसली. तिच्या सासूनं या विद्येला नाव दिलं होतं, बाजाराचं पोट. ज्या सुनेला बाजाराचं पोट जमलं ती धंद्याला लायक, बाकीच्यांनी घरी बसून जाळी विणावीत.

आवडाबाईनं हेच आपल्या पोरीला शिकवलं. पुढं जे झालं त्याची सुरुवात इथं आहे. पण तेव्हा तिला ती चूक वाटली नव्हती, शहाणपण वाटलं होतं.

पोर म्हणजे कलावती. अकरा वर्षांची असताना काठावर ओढून ठेवलेल्या होडीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या उंच टोकावरून, तिनं उडी मारली, दगडावर पाठ आपटली, आणि कमरेखालचं सगळं संपलं. पाय गेले ते जगाला दिसले. त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली होती, ती दिसत नव्हती आणि तिच्याबद्दल कुणी बोलतही नव्हतं. लघवी कधी लागली, कधी झाली, पोरीला काही कळायचं नाही. चिमटा काढा, चटका द्या, कमरेखाली तिला पत्ता नसायचा. बाप महिपत त्यानंतर चार वर्षांनी काविळीनं वारला. राहिल्या दोघी, खाडीकाठच्या दीड खोलीत.

आवडाबाई तिला जुन्या लुगड्यांच्या आठपदरी घड्या बांधायची, वरून मेणकापड. दिवसाला सहा-सात घड्या बदलायच्या, उकळायच्या, मागच्या दोरीवर वाळत घालायच्या. पोरीच्या अंगाला वास म्हणून येऊ दिला नाही बाईनं. आणि पोर तरी कशी? जिभेला नुसती धार. म्हणायची, आये, कशाला एवढं घासतेस, शेजारी बोंबील वाळतायत, त्या वासात माझं कोण हुंगायला येणार हाय? आवडाबाई हसायची आणि आणखी जोरात घासायची.

बाहेर जायचं असलं, लग्न म्हणा, देवळात म्हणा, की आदल्या संध्याकाळपासून कलाचं पाणी बंद. तहानेनं जीभ टाळ्याला चिकटायची, पण पोर तक्रार करायची नाही. बाजाराचं पोट, म्हणायची, मी पण कोळीणच हाय ना.

घरी बसून तिनं दहावी काढली, चांगल्या मार्कांनी. मग तिला टायपिंग शिकायचं होतं. स्टेशनाजवळ तळमजल्यावर एक क्लास होता, चाकाची खुर्ची थेट आत जायची. बोटं चांगली चालतात माझी, कुठल्याही कचेरीत बसेन, तुझी पाटी उतरवीन, असं ती आईला सांगायची. बारा दिवस गेली. तेराव्या दिवशी पाणी बंद असूनही घडी ओसंडली आणि खाली फरशीवर ओघळ गेला. क्लासच्या बाई रागावल्या नाहीत हो. त्यांनी पोरीला फणसाचे गरे खायला दिले, फरशी पुसून घेतली आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. कला दुसऱ्या दिवसापासून गेली नाही.

त्याच महिन्यात तिला हुडहुडी भरून ताप आला. असा ताप वर्षातून तीन-चारदा यायचाच, पण या वेळी नाक्यावरच्या डॉक्टरांनी आवडाबाईला बाहेर घेऊन सांगितलं की हा ताप लघवीतून येतो, पोर पाणी पीत नाही म्हणून येतो, आणि असंच चाललं तर दोन-तीन वर्षांत मूत्रपिंडं जातील. तिला दिवसाला दोन तांबे पाणी पाजा, म्हणाले.  आठ वर्षं आपण पोरीला काय शिकवत होतो हे आवडाबाईला तिथं कंपाउंडरच्या खिडकीशी उभं राहून कळलं.

डॉक्टरांनीच तिला मोठ्या माणसांच्या डायपरचं सांगितलं. ठाण्याला एका मोठ्या औषधाच्या दुकानात मिळतात, वरून कोरडे राहतात, पोर चार-पाच तास निर्धास्त बसेल. आवडाबाईनं जाऊन पाकीट पाहिलं. दहांचं पाकीट म्हणजे तिची दोन दिवसांची पाटी. ती त्यांना कागदाचे लंगोट म्हणायची. एकच पाकीट तिनं आणलं आणि कलाला देव्हाऱ्यासमोर बसवून दाखवलं. कलानं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, आये, हे असतील तर मी पाणीही पिईन आणि टायपिंगलाही जाईन. एवढंच म्हणाली. पाकीट आठवड्यात संपलं, पण त्या दिवसापासून आवडाबाईला दुसरं काही सुचेना.

कल्याणला बाजारपेठेत एक परोपकार निधी होता. अपंगांना मदत करायचा. आणि कचेरी कुठं? दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिन्यानं. अपंगांच्या मदतीची कचेरी दुसऱ्या मजल्यावर ठेवणाऱ्या माणसाचे पाय धरावेत का कान, मला सांगा. असो. आवडाबाईचा भाऊ दौलत रिक्षा चालवायचा, त्यानं भाचीला पाठुंगळी घेऊन वर चढवलं. निधीचा कारकून सुधीर म्हणून होता, मध्यम वयाचा, जाड चष्म्याचा. छापील अर्जात कुबड्या होत्या, तीनचाकी होती, कानाचं यंत्र होतं, शिलाई मशीन होतं. लंगोटाचं नाव नव्हतं. सुधीरनं 'इतर' म्हणून ओळ होती तिथं लिहिलं आणि समितीसमोर येण्याची तारीख दिली.

आता ऐका तिनं काय केलं ते. घरी पाहुणे येणार किंवा आपण मोठ्यांच्या घरी जाणार म्हटल्यावर कोळ्याची बाई जे करते तेच तिनं केलं. आदल्या दुपारपासून पोरीचं पाणी बंद. दहा पदरांची घडी, त्यावर दोन मेणकापडं. डोकं धुतलं, अबोलीची वेणी माळली, नवा पंजाबी ड्रेस घातला, वर पावडर. समितीत तीन माणसं होती, निवृत्त हेडमास्तर असलेले अध्यक्ष, एक डॉक्टर आणि एक वयस्कर बाई. डॉक्टरांनी विचारलं, त्रास दिवसातून किती वेळा होतो? समोर दोन परके पुरुष, बाजूला तरणी पोर. आवडाबाईनं पदर डोक्यावर ओढला. ती म्हणाली, तसं काय जास्त नाय साहेब, कवातरी. आणि वर अभिमानानं सांगितलं की माझी पोर एकदम स्वच्छ असते, तिची कधी तक्रार नाय. कलानं आईकडं असं पाहिलं की बस्स. पण आईला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. आवडाबाईला अक्षरओळख नव्हती, तेव्हा ते कलानंच मोठ्यानं वाचलं. अर्जात नमूद केलेल्या साहित्याची आवश्यकता समितीस दिसून आली नाही, तरी अर्जदारास शिलाई मशीन देण्याचा विचार होऊ शकेल. खाली मशीनचा प्रकार लिहिला होता, पायानं चालवायचं. पायानं! त्या पोरीला! कला इतकी हसली की शेजारची जनाबाई दारात येऊन उभी राहिली. मग हसू थांबलं. पत्राची घडी घालत तिनं विचारलं, आये, दिसून यायला काय पायजे होतं गो?  आवडाबाई चुलीपाशी जाऊन उगाच भांडी हलवत राहिली.

पुढच्या आठवड्यात ती एकटी कल्याणला गेली. सुधीरला म्हणाली, मी चुकले, लाजेनं खोटं बोलले, परत कागद घ्या. सुधीर भला माणूस. त्यानं परत अर्ज घेतला, मे महिन्यातल्या बैठकीत नाव घातलं, आणि मग चष्मा पुसत म्हणाला, "मावशी, समितीला डोळ्यांनी दिसतं तेवढंच खरं. मुलीला घरी जशी असते तशी आणा. सजवून आणू नका."

तो एवढंच बोलला. त्यातून काय घ्यायचं ते आवडाबाईनं घेतलं. परतीच्या वाटेवर तिच्या डोक्यात ते शिरलं आणि मग निघेना. पोरीला सांगावं की नको, यावर तिनं महिनाभर काथ्याकूट केला. सांगितलं तर कला नाही म्हणणार. क्लासात एकदा झालं तर पोर पुन्हा त्या रस्त्याला गेली नाही, ती चार परक्या माणसांसमोर मुद्दाम होऊ देईल? आणि नाही म्हणाली तर? तो ताप, ती मूत्रपिंडं, डॉक्टरांचं दोन-तीन वर्षं. आवडाबाईनं ठरवलं की सांगायचं नाही. पोरगी चार दिवस रुसेल, मग विसरेल. आयुष्यभर माझीच आहे ना, असं तिनं मनाला समजावलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी तिनं कलाला पाटावर आडवी केली. नेहमीसारखी घड्यांची चळत बाजूला घेतली. नेहमीसारखं पोरीला कुशीवर वळवलं, पुसलं, पावडर लावली, सलवार वर ओढली, नाडी बांधली. घडी मात्र ठेवली नाही. चळत तशीच उचलून तिनं फडताळात टाकली. कलाचे डोळे आढ्याकडं होते, ती आपलं भाषण पाठ करत होती. हो, भाषण. या वेळी आईला बोलू द्यायचं नाही, आपणच सगळं नीट सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. आणि कमरेखाली काय आहे, काय नाही, हे तिला आईच्या हातांवरूनच माहीत असायचं.

रिक्षात बसल्यावर आवडाबाईनं बाटली पुढं केली. कला बघतच राहिली. "आये, बाहेर निघालोय ना आपण? बाजाराचं पोट विसरलीस?"

"ऊन हाय, बाय. पी."

शीळफाट्याला तिनं रिक्षा थांबवून उसाचा रस पाजला, एक ग्लास, मग दुसरा. पुढं एका गाडीवर शहाळं. कलाला काय झालं होतं म्हणून सांगू! आठ वर्षांत पहिल्यांदा पोर भर रस्त्यात रिक्षात बसून रस पीत होती. ओठांवर फेस, डोळे मिटलेले. दौलतला म्हणाली, मामा, आज आयेला देवानं बुद्धी दिली. शहाळ्यातली अर्धी मलई तिनं स्वतः खाल्ली आणि अर्धी आईला भरवायला हात पुढं केला. आवडाबाईनं ती खाल्ली. ती गिळताना तिला काय झालं असेल ते ज्याचं त्यानं समजावं. दौलतनं विचारलं सुद्धा, ताई, तुझं तोंड असं का दिसतंय? ती म्हणाली, ऊन लागलं.

निधीच्या कचेरीत वर बाकावर पाऊण तास बसावं लागलं. आवडाबाई मनात एकवीरेला हाक मारत होती, पण मागत काय होती हे तिचं तिलाच समजत नव्हतं. आता होऊ दे म्हणायची, लगेच नको होऊ दे म्हणायची.

नाव पुकारलं. दौलतनं कलाला समितीसमोरच्या वेताच्या खुर्चीवर बसवलं आणि तो बाहेर गेला. अध्यक्षांनी आवडाबाईकडं पाहिलं, पण कलाच बोलायला लागली. शुद्ध भाषेत, न अडखळता. म्हणाली, मागच्या वेळी माझ्या आईला सांगायला लाज वाटली, मला वाटत नाही. मला लघवीची जाणीव नाही. दिवसातून सहा-सात वेळा कपडे बदलावे लागतात. कपडे भिजू नयेत म्हणून मी पाणी पीत नाही, त्यामुळं मला ताप येतो, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. मला टायपिंग शिकून नोकरी करायची आहे. मला महिन्याला तीन पाकिटं मिळाली तर मी क्लासला बसू शकेन. नोकरी लागली की मी स्वतःची स्वतः घेईन, तोपर्यंतच मदत करा.

 त्या वयस्कर बाईंनी पदरानं डोळा टिपला आणि अध्यक्षांकडं पाहून मान हलवली. डॉक्टर म्हणाले, चिठ्ठी स्पष्ट आहे, मागच्या वेळी हे कुणी सांगितलंच नव्हतं. अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. आवडाबाईनं हे सगळं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. टोपण काढलेलं पाहिलं, त्यांनी कागद पुढं ओढलेला पाहिला.

आणि तेव्हा थेंब पडायला लागले.

वेताच्या जाळीतून खाली फरशीवर. आधी सुटेसुटे, मग सरळ धार. कलाला आवाज ऐकू आला. तिला वाटलं कुठं पाण्याचं भांडं लवंडलंय, तिनं टेबलाकडं पाहिलं, मग सगळ्यांच्या नजरा पाहिल्या, मग खाली पाहिलं. फिक्या सलवारीवर डाग पसरत होता. तिनं ओढणीखालून हात घातला. घडी सरकली असेल म्हणून तो हात इकडं चाचपत राहिला, तिकडं चाचपत राहिला. तिथं काही नव्हतंच. हात तिथंच थांबला आणि तिनं मान वळवून आईकडं पाहिलं.

"आये, तू बांधलंच नाय?"

हळूच विचारलं, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं.  अध्यक्षांनी घाईघाईनं सही केली आणि शिपायाला फडकं आणायला सांगितलं. मंजूर झालं, महिन्याला तीन पाकिटं, एक वर्षासाठी, पुढं नूतनीकरण.

दौलतनं रिक्षाच्या सीटवर आपला टॉवेल अंथरला.  घरी आल्यावर आवडाबाईनं पोरीला धुतलं, पुसलं, कोरडं नेसवलं, आणि मग तिच्या पायांवर डोकं ठेवून सगळं सांगितलं. सुधीर काय म्हणाला ते, नाक्यावरचे डॉक्टर मूत्रपिंडांचं काय म्हणाले होते ते, सकाळी घड्या फडताळात कशा टाकल्या ते. ज्या पायांवर डोकं ठेवलं त्यांना ते कळत नव्हतं, एवढंही तिच्या लक्षात आलं नाही. कला भिंतीला टेकून ऐकत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी स्वतः प्याले असते गो. स्वतः काढून ठेवायला लावलं असतं. मला सांगायचंस तरी."

आवडाबाईनं अशी अपेक्षा केली नव्हती. पोरगी भांडली असती, ताट फेकलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं.

पाकिटं यायला लागली. कला पुन्हा क्लासला जाऊ लागली, पाणी पिऊ लागली. वर्ष झालं तरी ताप आला नाही, डॉक्टर खूश झाले. टायपिंगची पहिली परीक्षा ती पास झाली, क्लासच्या बाईंनी पेढे वाटले, आवडाबाईनं कोळीवाड्यात घरोघर साखर वाटली. आईशी ती बोलायची, पूर्वीसारखीच बोलायची, थट्टासुद्धा करायची. बाहेरच्या माणसाला काही फरक कळला नसता, दौलतलाही कळला नाही.

आवडाबाईला मात्र रोज सकाळी कळतो. ती पोरीला पाटावर आडवी करते, कागदाचा लंगोट नीट बसवते, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या चिकटवते, सलवार चढवते, नाडी बांधते, आणि म्हणते, झालं बाय. कला हसून हो म्हणते. मग तिचा हात सलवारीत जातो, आधी डावीकडची पट्टी चाचपतो, मग उजवीकडची, मग मधोमध दाबून पाहतो. रागानं नाही, आईला दाखवायला तर मुळीच नाही. मागं-पुढं करून खात्री पटली की हात बाहेर येतो. तोवर आवडाबाई भिंतीकडं तोंड करून उभी राहते, आणि पोरीचं बघून झालं की तिला उचलून खुर्चीत बसवते.